आडमापाचा कोट

आमच्या मास्तरांनी आयुष्यात एकाच गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हटलं, आणि त्याच गिऱ्हाइकानं त्यांच्या पुढ्यात कॉम्प्युटर आणून ठेवला, असं मी लोकांना सांगते. खरं तर आणला नाही, तो आमच्याच घरात धूळ खात पडला होता. पण सांगताना थोडं ताणायची माझी जुनी खोड आहे, आणि मास्तर मध्ये मध्ये दुरुस्त करत बसतात ही त्यांची. आज ते बाहेर गेलेत, तेव्हा निवांत सांगते.

मास्तर म्हणजे माझे यजमान. लग्नाआधी दोन वर्षं मी त्यांच्याकडे काज-बटणं करायला होते, तेव्हा जीभ वळली ती वळली, अजूनही मी त्यांना मास्तरच म्हणते. चौतीस वर्षं झाली, ते कापतात आणि मी शिवते. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, मागे राहायच्या दोन. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन, मधोमध कटिंगचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर दोरीनं टांगलेले खाकी कागदांचे गठ्ठे. एकेका गठ्ठ्यात एकेक माणूस. त्याची पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, सगळं कागदावर कापून ठेवलेलं.

आमच्याकडे येतात ती आडमाप माणसं. शब्द मास्तरांचा आहे आणि त्यात चेष्टा काडीची नाही. कुणाचा एक खांदा वर नि एक खाली, कुणाचा हात आखूड, कुणाच्या पाठीला बाक, कुणी दिवसभर चाकांच्या खुर्चीत. अशा माणसाला दुकानातला तयार कपडा एकीकडे लोंबतो आणि दुसरीकडे काचतो. मास्तरांच्या थोरल्या भावाचा एक पाय आखूड होता. चौदाव्या वर्षी आईची नवी चादर फाडून मास्तरांनी त्याच्यासाठी पॅन्ट कापली, मार खाल्ला तो वेगळा, पण पॅन्ट अशी बसली की भाऊ दिवसभर गल्लीतून मिरवत होता. तेव्हापासून हेच. माप घ्यायला यांना अर्धा तास लागतो. गप्पा मारता मारता टेप फिरतो आणि समोरच्याला आपल्या अंगाची लाज वाटायला सवडच मिळत नाही.

गेल्या वर्षी एका बाहीनं यांची चुगली केली. मी बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोलाईला जोडत होते आणि ती बसेना. उसवली, पुन्हा जोडली, पुन्हा तेच, एका जागी फुगा येतोय. म्हटलं माझे डोळे गेले की काय. शेवटी खाकी कागद काढून बघितला, तर खडूची रेघ नागमोडी. यांच्या रेघेला मी चौतीस वर्षं डोळे मिटून शिवण घातलेली. विचारलं तर म्हणाले, टेबल हललं असेल. टेबल हललं म्हणे. ते टेबल चार माणसांना हलत नाही. मी त्यांचा उजवा हात धरला, तर तो माझ्या हातात थरथरत होता. किती दिवसांचं आहे विचारलं तर ताकास तूर लागू देईनात. मग मीच ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की हा कंप आहे, जिवाला काही धोका नाही, गोळ्यांनी थोडा उतरेल, पण पुरता जायचा नाही.

त्यानंतर मास्तर कामं टाळायला लागले. सोपी कामं घ्यायची, अवघड कापड कपाटात ठेवून द्यायचं, आठवड्याचे दोन आठवडे करायचे. मी कानाडोळा करत होते. काय बोलणार? माणसाची आयुष्यभराची कमाई त्याच्या हातात, आणि हातच ऐकेना.

अशात बाई आल्या. बाई जवळच्या शाळेत गणित शिकवतात. लहानपणापासून त्यांचा पाठीचा कणा वाकडा, उजवा खांदा डाव्यापेक्षा तीन बोटं खाली, पाठीवर एका बाजूला उंचवटा. वीस वर्षं त्यांचे सगळे कपडे आमच्याकडे. त्या दिवशी त्या नव्या निळ्या कापडाची घडी घेऊन आल्या. मुख्याध्यापिका झाल्या होत्या. चोवीस दिवसांनी शाळा उघडणार, पहिल्या दिवशी मैदानावर सगळ्या मुलांसमोर, पालकांसमोर उभं राहायचं, त्यासाठी कोट हवा होता. सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी मशीन थांबवून ऐकत बसले.

मास्तरांनी कापडावरून हात फिरवला, घडी पुन्हा नीट घातली आणि त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "बाई, मला आता जमणार नाही. तुम्ही दुसरीकडे बघा."

बाई घडी छातीशी धरून निघून गेल्या. मास्तर मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सांगतात कसे, की या महिन्याअखेर दुकान बंद करू, तुझा हात चांगला आहे, तुला कुठेही शिवणकाम मिळेल. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना वाटेल ते बोलले. एवढंच म्हणते की त्यात दगड, घोडा आणि त्यांचे पूज्य वडील हे तिघेही येऊन गेले. मग मशीनवर डोकं ठेवून रडले. मला कुठेही काम नको होतं, मला यांनी कापलेलं शिवायचं होतं.

चौथ्या दिवशी बाई पुन्हा हजर. आल्या त्या रागातच होत्या. कापड टेबलावर ठेवलं, शेजारी एक पेन ड्राइव्ह ठेवला, त्यावर आपल्या अक्षरात लिहिलेला एक कागद ठेवला आणि मास्तरांना वर्गातल्या पोराला विचारावं तसं विचारलं, "तुमचा हात हलतो, ते मला वर्षभरापूर्वीच दिसलं. डोकं हलतं का?"

मग बाईंनी बसून समजावलं. कपड्याचा कागद आखायचा एक प्रोग्राम असतो, फुकट मिळतो. आपण मापं टाकायची, कुठला बिंदू कुठे जोडायचा आणि गोलाई किती ते सांगायचं, रेघ तो मारतो. मास्तर म्हणाले की मला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही. बाई म्हणाल्या की माझी पाठ तुम्हाला पहिल्या दिवशी कुठे कळली होती, तीन वेळा उसवलंत.

कॉम्प्युटर आहे का, असं विचारलं तेव्हा मीच चोंबडेपणानं सांगितलं की लेकीचा आहे. लेक लग्न होऊन लांब गेली, तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर कापडाच्या बोचक्यांखाली पडून होता. काढला, पुसला, लावला. आम्ही चहा केला, प्यायलो, कप धुऊन ठेवले, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतंच आहे. बाई म्हणाल्या की यंत्र चांगलं आहे, त्याला आतून चालवणारी जी व्यवस्था आहे ती त्याला आता झेपत नाही. तिच्याऐवजी लिनक्स नावाची दुसरी, हलकी व्यवस्था यावर बसवायची. शाळेतले सगळे जुने कॉम्प्युटर त्याच्यावरच चालतात. तीसुद्धा फुकट, आणि तुमच्याकडे असलाच तर जुनाच असणार म्हणून या पेन ड्राइव्हवर घालूनच आणलीय. मास्तरांनी विचारलं की फुकट कशी, शिवली कुणी? जगभरातल्या हजारो लोकांनी थोडी थोडी, असं बाई म्हणाल्या. त्यावर मास्तरांचा प्रश्न, की मग माप कुणाच्या अंगाचं घेतलं? कितीतरी दिवसांनी यांच्या तोंडून असं काही निघालं होतं. मी पदरात तोंड लपवून हसले.

मी बाईंना म्हटलं की एवढं केलंत तर तुम्हीच बसवून द्या. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या की मी बसवलं तर प्रत्येक वेळी अडलं की मला बोलवाल, आणि शाळा उघडली की मला मान वर करायला सवड नाही. कागदावर नऊ ओळी लिहिल्यात, त्या वाचा आणि करा. कोट मला तुमच्याच कटिंगचा हवा. आणि गेल्या. कापड टेबलावर तसंच. वीस दिवस राहिले होते.

पहिली ओळ अशी होती, की पेन ड्राइव्ह लावा, कॉम्प्युटर सुरू करा आणि लगेच वरच्या रांगेतलं अमुक बटण दाबत राहा, म्हणजे तो पेन ड्राइव्हवरून सुरू होईल. लगेच म्हणजे किती लगेच? मास्तरांचं बोट बटणापर्यंत पोचेपर्यंत चक्र फिरायला लागायचं. चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी म्हटलं सरका. मी काज-बटणं करत मोठी झाले, माझी बोटं अशी ऐकतात. टकाटक दाबत राहिले आणि पडदा काळा झाला, मग त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जायला लागल्या. आमची पाचावर धारण बसली. वाटलं बिघडवला. पण मग छान हिरवट पडदा आला, खाली चित्रं, आणि बाण हलवला की लगेच हलत होता.

त्यातच तो आखायचा प्रोग्रामही बाईंनी सांगितलेल्या ठिकाणाहून उतरवला. मास्तर दोन दिवस त्यापुढून उठले नाहीत. डाव्या हाताच्या एका बोटानं आकडे टाकायचे. मी आमच्या मापाच्या वहीतल्या बाईंच्या पानावरून माप वाचायची, ते टाकायचे. चुकले की पुसायचे. एक बिंदू, दुसरा बिंदू, मध्ये रेघ. पहिली रेघ उमटली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पडद्याला नाक लावलं. रेघ सरळ होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ." बस, एवढंच. मी पुढचं माप वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाईंची अख्खी पाठ तयार झाली, डावी वेगळी, उजवी वेगळी. मास्तरांनी ती जपून ठेवायची खूण दाबली, कॉम्प्युटर बंद केला, पेन ड्राइव्ह काढून डबीत ठेवला. सकाळी कॉम्प्युटर लावला तर पुन्हा तेच जुनं चक्र. पेन ड्राइव्ह लावून बघितला, हिरवट पडदा आला, पण प्रोग्राम नाही, पाठ नाही, काहीच नाही. दोन दिवसांच्या कामावर पाणी फिरलं. मी बाईंच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. मास्तरांनी तो कागद उचलला, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं. लिहिलं होतं, ही फक्त चालवून बघण्यापुरती सोय आहे, यात केलेलं काही राहत नाही, पसंत पडलं तर पाचव्या ओळीपासून बसवा.

म्हणजे ती ट्रायल होती. चौतीस वर्षांत ज्या माणसानं ट्रायल घेतल्याशिवाय एक कपडा दिला नाही, त्यानं कच्च्या टाक्यावरच कोट पुरा समजून घडी घालून ठेवला होता. मी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं की झालं, आता हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. जरा वेळ ते बाहेर उंबऱ्यावर बसलेही. पण मग आत येऊन म्हणाले की ट्रायल तर चांगली बसली की, आता पक्की शिवण घालू. सोळा दिवस होते.

पाचव्या ओळीपासून खरी गंमत. कॉम्प्युटरनं विचारलं की आधीचं सगळं पुसून टाकू, की त्याच्या शेजारी बसू? लेकीला फोन लावला. ती म्हणाली, बाबा, खुशाल पुसा, माझं काही कामाचं नाही त्यात. पण मास्तर ऐकतील तर शपथ. दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावायची नाही म्हणजे नाही, मग ते कापड पोटच्या पोरीचं का असेना. तिचे कॉलेजचे फोटो होते त्यात. शेजारीच बसवायचं ठरलं. मग पडद्यावर एक लांब पट्टी आली, अख्ख्या जागेची. तिच्यावर कुठे कापायचं ते आपण सांगायचं.

हे मात्र यांचं राज्य. पट्टी बघितल्याबरोबर मास्तर ताठ बसले. कागदावर आकडे मांडले, दोनदा तपासले. लेकीचा भाग तसाच ठेवला. लिनक्सला कमीत कमी जेवढी जागा लागेल असं लिहिलं होतं तेवढीच मोजून दिली, सुताइतकी जास्त नाही, कारण कापड वाया घालवणं यांच्या रक्तातच नाही. आणि त्याच्या पुढे एक भाग कुणालाच न देता मोकळा सोडला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, माया.

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. माणूस जाड झाला, पोर वाढलं, की शिवण उसवून ते बाहेर काढता येतं. तयार कपड्यात ती जवळजवळ नसते, आणि आडमाप माणसाला तिच्याशिवाय चालत नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर ती खो खो हसत सुटली. म्हणाली, बाबा, तिथे कुणी अशी रिकामी जागा सोडतं का? मास्तर म्हणाले की तुझ्या प्रत्येक फ्रॉकला सोडली होती.

मग मी बसवण्याचं बटण दाबलं आणि अर्ध्या तासात लिनक्स बसलं. पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला, तरी हिरवट पडदा तिथेच. मास्तरांनी तीनदा बंद करून सुरू केला, नुसतं बघायला. मी आपली हातात शिवण घेऊन बसले होते, पण टाका कुठे पडतोय याकडे लक्ष नव्हतं.

पाठ पुन्हा आखली, या वेळी एका दिवसात. मग पुढचे भाग, मग बाह्या. पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी कॉलर काढत होते आणि पडद्यावर पाटी आली की जागा शिल्लक नाही. आखलेलं जपून ठेवायला दाबलं तर ठेवेना. मधल्या दिवसांत तो आपणहून काय काय नवीन उतरवून घेत होता, सुधारणा म्हणे, आणि त्यानं सगळी जागा खाऊन टाकली होती. लेकीला विचारलं. ती म्हणाली की कमी जागा दिलीत ना, आता एकच उपाय, सगळं पुसा आणि पहिल्यापासून नीट बसवा.

नऊ दिवस उरले होते. कागद छापायचा, कापायचं, शिवायचं, ट्रायल घ्यायची, सगळं बाकी. मी म्हटलं, मास्तर, बाईंना आजच सांगून टाकू, निदान त्यांना दुसरं काही बघता येईल. खरं सांगते, तेव्हा मी हात टेकले होते.

मास्तरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सगळं कशाला उसवायचं? अंगाला घट्ट झालंय, एवढंच. आत माया आहे."

आत बसवलेलं लिनक्स बंद राहावं म्हणून पुन्हा पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, कारण अंगावर असताना कपडा उसवता येत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्या चालवून बघायच्या पडद्यावर जागेच्या पट्ट्या दाखवणारी खिडकी त्यांनी बसवतानाच हेरून ठेवली होती. लेकीचा भाग, लिनक्सचा भाग, आणि त्याला लागून ती मोकळी जागा. लिनक्सच्या भागाची कड धरून पुढे ओढायची होती. मास्तरांनी धरली, तर हातासोबत कड थडथड मागेपुढे. दोनदा सुटली. मग त्यांना खाली आकडा टाकायची चौकट दिसली, आणि आकडा टाकायला हात स्थिर लागत नाही. टाकला. पडद्यानं विचारलं की यात आतला मजकूर जाऊ शकतो, करू का? मास्तर म्हणाले, तू दाब. मी डोळे मिटून दाबलं.

वीस मिनिटं लागली. मी तेवढ्या वेळात स्वच्छ असलेला ओटा दोनदा पुसला. पेन ड्राइव्ह काढून सुरू केलं तर सगळं जागच्या जागी, पाठ, पुढचे भाग, बाह्या, आणि जागा ऐसपैस. मास्तरांनी अर्धवट राहिलेली कॉलर पुरी केली आणि मगच पाणी प्यायले. लेकीला मी स्वतः फोन करून सांगितलं, आणि जरा जास्तच रंगवून सांगितलं, लपवत नाही.

छापायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. एवढा मोठा कागद त्याच्याकडे नव्हता, म्हणून लहान लहान पानांवर छापून चिकटवायचं ठरलं. पानं हातात आल्याबरोबर मास्तरांनी खिशातला टेप काढला आणि तिथेच माप घेतलं. पाठ बोटभर कमी. छापणारा सांगतो की कॉम्प्युटर चुकत नसतो. मास्तर म्हणाले की टेप तर मुळीच चुकत नाही. मग त्यानं स्वतःच नीट बघितलं, तर यंत्रानं पानात बसावं म्हणून सगळं जरासं बारीक केलं होतं. पुन्हा छापलं. तसंच कापलं असतं तर बाईंना श्वास घेता आला नसता.

पानं चिकटवून, कापडावर पसरून, टाचण्या लावून झाल्या. मास्तरांनी कात्री उचलली. मी बघत होते. ती कात्री त्यांच्या गुरूंची, आमच्या घरात तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला आठवत नाही. कात्रीची टोकं कापडावर थरथरायला लागली. त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, डाव्या हातानं मनगट दाबून धरलं. कात्री तशीच हलत होती. रेघ समोर होती, अगदी हवी तशी, आणि तिच्यावरून चालता येत नव्हतं.

मग त्यांनी कात्री वळवून मूठ माझ्याकडे केली. म्हणाले, "रेघ मी मारलीय. तू काप."

मी म्हटलं की मला नाही जमणार. माझ्याच तोंडून ते शब्द ऐकले आणि माझी मलाच लाज वाटली. कात्री घेतली. जड होती, मला वाटलं होतं त्याहून जड. मास्तर शेजारी उभे राहिले आणि सांगत गेले, थांब, पातं पुरतं मिटू नको, हं, आता वळण, कापड उचलू नको, टेबलावरच राहू दे. मुंढ्याच्या वळणाला माझ्या कपाळावरून घाम ओघळला, तो त्यांनी रुमालानं टिपला, कापडावर पडू नये म्हणून. शेवटचा तुकडा सुटा झाला तेव्हा आम्ही दोघंही खाली फरशीवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

शिवणं माझं होतं, त्यात मी कुणाला हार जाणार नाही. चार दिवसांनी बाई ट्रायलला आल्या. कच्च्या टाक्यात कोट घातला, आरशापुढे उभ्या राहिल्या. बाही पहिल्या झटक्यात बसली होती. मानेमागे कॉलर किंचित उभी राहत होती, तिथे मास्तर खडूनं खूण करायला गेले. बाईंना पाठमोऱ्या असूनही हाताची थरथर खांद्यावर जाणवली असणार. रेघ वाकडीतिकडी उमटली. मास्तर स्वतःच हसले, म्हणाले की चालेल, ही नुसती खूण आहे, किती सोडायचं ते मला कळलं. त्यांनी आत जाऊन आकडा बदलला, आणि मी त्याप्रमाणे कॉलर नव्यानं कापली. या वेळी कात्री मागावी लागली नाही, त्यांनीच पुढे केली.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळपासून मास्तरांचा जीव टांगणीला. दाराशी येऊन जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांकडे बघत होते, जसं काही ती पोरं यांना कोटाचं सांगणार होती. बाई संध्याकाळी शाळेतून थेट आल्या, कोट अंगातच. दमल्या होत्या, पण दारातच हसायला लागल्या. भाषण झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, सगळं नीट पार पडलं, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "मास्तर, एक सांगू? रागावू नका. एका मुलाची आई मला बाजूला घेऊन विचारत होती, कोट फार छान आहे, रेडीमेड कुठून घेतलात?"

मी भडकलेच. रेडीमेड? चोवीस दिवस नाकी नऊ आले आमच्या, आणि त्या बयेला हा कोट रेडीमेड दिसला? मी म्हटलं की तिला इकडे पाठवून द्या, मी आतून दाखवते शिवण कशी आहे ती. आणखीही बरंच बोलले. मग माझ्या लक्षात आलं की बोलतेय मी एकटीच. बाईंचे डोळे भरले होते, आणि मास्तर टेबलाची कड धरून उभे होते, चष्म्याखालून पाणी वाहतंय, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"अगं, असं काय करतेस," ते मला म्हणाले. "बाईंच्या अंगाला रेडीमेड बसतं असं वाटलं तिला."